बांधलेल्या इंजिनातलं पाणी जातं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. १९७४ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन पूर्ण बांधून घेतलं आहे. ब्लॉक ४० थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर केला, म्हणजे सिलिंडर तेवढे मोठे कापले, पिस्टन-रिंगा नव्या, हेडचं फेसिंग झालं, पाण्याचा पंप आणि सगळी गॅस्केटं नवी. गाडी सहाशे किलोमीटर चालली, आणि दर दीडशे किलोमीटरला अर्धा लिटर पाणी घालावं लागतंय. खाली थेंब पडत नाही, ऑइल स्वच्छ आहे, टेम्परेचरचा काटा मध्यावर असतो. मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवू या. तुम्ही विचारता, उतरवू का?

नका उतरवू. या आठवड्यात तर नाहीच. पाणी कुठून जातंय ते कळण्याआधी हेड उतरवलं तर जुन्या गॅस्केटवरचा पुरावा बघायला मिळतो हे खरं, पण पाणी पंपाच्या किंवा हेडमागच्या पट्टीच्या वाटेनं जात असेल तर नवं गॅस्केट टाकून गाडी आठवडाभरात पुन्हा तिथेच येईल. मधे फुकटची मजुरी गेली आणि ब्लॉकमधल्या, हेड आवळून धरणाऱ्या स्टडच्या आट्यांना आणखी एकदा ताण बसला, एवढीच कमाई.

हेड गॅस्केटवर मी आधी संशय का घेत नाही तेही सांगतो. तुमचं इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी-सिरीज घराण्यातलं. हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याला जे अनेक वर्षं बनवलं ते हेच, आणि इंग्लंडमधल्या एमजीए, एमजीबी या स्पोर्ट्स गाड्या याच्याच भावकीतल्या. याचा ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचं. दोन्ही सारखंच तापतात, सारखंच फुगतात. प्रीमियर पद्मिनीचं तसं नाही. कुर्ल्याच्या त्या १०८९ सीसी इंजिनाला बिडाच्या ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. तिथे दोन धातू वेगवेगळे फुगतात, गॅस्केट मधे रगडलं जातं, आणि पाण्याच्या भोकांभोवती हेड खात जातं. पद्मिनीवर हात बसलेल्या मेकॅनिकच्या तोंडात ‘गॅस्केट गेलं’ हे वाक्य लगेच येतं, आणि पद्मिनीच्या बाबतीत ते बरेचदा खरंही असतं. अ‍ॅम्बेसेडरचं गॅस्केट जातच नाही असं नाही, पण संशयितांच्या रांगेत त्याला मी मागे उभं करतो.

पहिली गोष्ट, खरोखर गळती आहे का हे ठरवा. मला हा प्रश्न येतो त्यातले बरेच जण रेडिएटर गळ्यापर्यंत भरतात. तुमच्या गाडीला पाणी परत ओढून घेणारी वेगळी बाटली नाही. पंचवीस अंशांवरचं पाणी नव्वद अंशांपर्यंत तापलं की दर लिटरमागे साधारण ३३ मिलिलिटर फुगतं. इंजिन आणि रेडिएटर मिळून सात लिटर धरले तर पाव लिटरच्या आसपास पाणी जागा मागतं. जागा नसली की ते ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जातं. धावत्या गाडीतून गेलं तर गाडीखाली थेंब दिसणार कसा? सकाळी तुम्ही झाकण उघडता, पातळी खाली दिसते, पुन्हा काठोकाठ भरता, आणि इंजिन पुन्हा तेवढंच फेकून देतं. तुमच्या अर्ध्या लिटरमधला बराच भाग असा जात असू शकतो.

हे तपासायला खर्च नाही. पातळी गळ्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवा, म्हणजे आतल्या नळ्या बुडालेल्या पण वर फुगायला जागा मोकळी. ओव्हरफ्लोच्या नळीचं टोक एका पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत सोडा आणि बाटली तारेनं बांधून टाका. बाटलीच्या तोंडाशी हवा जायला फट ठेवा. एका काडीवर खुणा करा आणि रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, सुरू करायच्या आधी, त्या काडीनं पातळी मोजून लिहून ठेवा. नळ्या उघड्या पडेपर्यंत पाणी घालू नका. पातळी एका जागी येऊन थांबली तर तुमची गाडी बरी आहे, भरायची सवय बदला. पातळी उतरते आणि बाटलीत तेवढंच पाणी सापडतं, तर काहीतरी पाण्याला बाहेर ढकलतंय. पातळी उतरते आणि बाटली कोरडी, तर पाणी दुसऱ्या वाटेनं जातंय. पुढची सगळी तपासणी या तीन उत्तरांवर अवलंबून आहे, म्हणून चार-पाच दिवस धीर धरा.

नव्यानं बांधलेल्या इंजिनात सुरुवातीला पातळी उतरणं साहजिकही असतं. कोरड्या ब्लॉकमध्ये पाणी भरताना हेडच्या मागच्या बाजूला हवा अडकते आणि ती पहिल्या काही फेऱ्यांत निघत राहते. मात्र सहाशे किलोमीटरनंतर हे कारण देता येणार नाही.

काट्याचं म्हणाल तर त्यावर फार भरवसा ठेवू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पातळी इतकी गेली की त्याच्याभोवती वाफ उरली, तर इंजिन तापत असताना काटा निवांत मध्यावर किंवा त्याहून खाली बसलेला दिसतो.

आता झाकण. त्या काळच्या बीएमसी गाड्यांची झाकणं ४ किंवा ७ पौंडांची, म्हणजे दर चौरस इंचाला तेवढा दाब धरणारी, असत. दाबाचा फायदा असा की दर पौंडामागे पाण्याचा उत्कलनबिंदू दीड-पावणेदोन अंशांनी वर जातो. ७ पौंडांवर पाणी साधारण १११ अंशांना उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल किंवा रेडिएटरच्या गळ्यातली बैठक पोचलेली असेल तर दाब धरला जात नाही आणि घाटात पाणी शंभरलाच उकळून नळीतून जातं. उलट बाजूची चूकही तितकीच दिसते. बाजारात सहज मिळतं म्हणून नव्या गाडीचं झाकण बसवलेलं असतं आणि त्यावर ०.९ छापलेलं असतं. ते बारमध्ये आहे, म्हणजे तेरा पौंड. पितळेच्या डागाच्या जुन्या रेडिएटरला, जुन्या होजला आणि पंपाच्या सीलला हा दाब सहन होत नाही. इंजिन बांधल्यावर अचानक सुरू झालेली गळती कधी कधी एवढ्यानंच थांबते. तुमच्या झाकणावर काय लिहिलंय ते आजच बघा.

बाटली कोरडी आणि पातळी उतरती असेल तर पुढची पायरी दाबाच्या चाचणीची. इंजिन थंड. रेडिएटरच्या गळ्यावर प्रेशर टेस्टर लावा आणि झाकणावर जेवढे पौंड लिहिलेत तेवढाच दाब द्या, त्याहून जास्त देऊन शहाणपण दाखवू नका. चांगल्या रेडिएटरवाल्याकडे हा टेस्टर असतो. काटा पंधरा मिनिटं बघा, मग शक्य असेल तर रात्रभर तसाच ठेवा. थंड चाचणीचा मोठा फायदा असा की पाणी बाहेर आलं तर ते वाळत नाही. गरम इंजिनावर पाझरलेला थेंब तिथल्या तिथे वाफ होतो, आणि ‘थेंब दिसत नाही’ असं तुम्ही म्हणता त्याचं हेच कारण असू शकतं.

चाचणीच्या आधी इंजिन धुऊन, हवा मारून कोरडं करा. सांध्यांवर टाल्कम पावडर उडवा. ओल आली की पावडरीत काळपट रेघ उमटते. छोटा आरसा आणि बॅटरी हाताशी ठेवा, कारण बघायच्या निम्म्या जागा समोरून दिसतच नाहीत. तुम्ही इतके दिवस बोअरवेलचं पाणी वापरत असाल तर एका परीने मदतच झाली. जड पाणी जिथून पाझरतं तिथे पांढरी पुटं सोडतं, ती वाळलेल्या गळतीची खूण असते. हिरवं कूलंट असेल तर तशीच हिरवट पपडी मिळते. म्हणून इंजिन धुण्याच्या आधी एकदा नीट बघून घ्या, आणि मगच धुवा.

बघायचं कुठे? इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बांधलेल्या इंजिनाच्या गळत्या जुन्या इंजिनाच्या गळत्यांपेक्षा वेगळ्या असतात. जुन्या इंजिनात भाग झिजून गळती होते. बांधलेल्या इंजिनात जिथे हात लागला तिथे होते, किंवा जिथला गंज धुऊन निघाला तिथे.

हा गंजाचा मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ब्लॉक कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उकळला की पन्नास वर्षांचा गाळ आणि खपल्या निघून जातात. छान दिसतं. पण पाण्याच्या जॅकेटच्या भिंतीला, कोअर प्लगच्या (जॅकेटची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकतीच्या) कडेला सुईएवढं भोक पडलेलं असेल तर त्याला इतकी वर्षं ती खपलीच बुजवून होती. ती गेली की पाणी वाट शोधतं. वर नवं कूलंट घातलं असेल तर तेही उरलासुरला गंज सोडवतं. म्हणून ‘काम करायच्या आधी गळत नव्हती’ या तक्रारीत मेकॅनिकची चूक असेलच असं नाही.

कोअर प्लग, ज्यांना पुष्कळ गॅरेजांत डमी म्हणतात, ते तुमच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला ब्लॉकवर दिसतील. नवे टाकले असतील तर बसवण्याची पद्धत विचारा. बशीसारखा फुगीर प्लग असतो त्याला खाच स्वच्छ करून, कडेला सीलंट लावून, मध्यावर सपाट पंचानं असं ठोकायचं की तो जेमतेम सपाट होईल. सपाट होताना त्याची कड बाहेर पसरून खाचेत घट्ट बसते. जोशात आणखी एक घाव घातला की तो आत खोलगट होतो आणि कड उलट आकसते. बघायला प्लग जागेवर असतो आणि गरम झाल्यावर त्याच्या कडेनं पाणी झिरपतं. लोखंडीपेक्षा पितळी प्लग घ्या, पैशांचा फरक किरकोळ आहे.

इंजिनाच्या मागच्या अंगाची गळती सगळ्यात फसवी. गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यामुळे ती वरून दिसत नाही. पाणी बेल-हाउसिंगवर, म्हणजे क्लचच्या घरावर, उतरतं आणि तिथेच वाळतं, किंवा आत जाऊन खालच्या छोट्या भोकातून बाहेर येतं. त्या भोकात एक स्प्लिट पिन लोंबत असते. ती पिन हलवून भोक मोकळं करा आणि टोकाला बोट लावून बघा. ऑइल असेल तर क्रँकच्या मागच्या बाजूचं, पाणी असेल तर मागच्या कोअर प्लगचं किंवा वरून उतरलेलं. हेडच्या मागच्या बाजूला हीटरचा कॉक बसायची जागा असते. आपल्याकडच्या ज्या गाड्यांना हीटर नाही त्यांची ही वाट पट्टी लावून बंद केलेली असते. इंजिन बांधताना या पट्टीकडे कोणी लक्ष देत नाही. जुनीच वाकलेली पट्टी, हातानं कापलेलं कागदी गॅस्केट, वर शेलॅकचा थर. ती थेंब थेंब पाझरते, पाणी गरम बिडावरून मागे उतरताना आटून जातं आणि मालकाला वाटतं की इंजिन पाणी पितंय. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय इथेच आहे. आरसा मागे घालून त्या पट्टीखाली पांढरी रेघ आहे का ते बघा.

ब्लॉकचा ड्रेन कॉक मागच्याच अंगाला आहे, त्याच्या वॉशरकडेही नजर टाका. गाळाने चोंदलेला कॉक तारेनं खुपसून मोकळा केला असेल तर तो पुन्हा घट्ट बसतोच असं नाही.

पुढच्या बाजूला थर्मोस्टॅटचं घर. वरचा कोपरा (होज बसतो ती वाकडी नळी) गंजून खाल्लेला असतो, तीन स्टडपैकी एखादा गंजून धरलेला असतो, आणि तो सोडवताना कोपऱ्याला पीळ पडतो. मग कितीही आवळलं तरी एका बाजूनं फट राहते. काचेवर एमरी कागद ठेवून त्यावर तो घासा, बैठक सपाट झाली की नवं गॅस्केट टाका. थर्मोस्टॅट आहे का हेही बघून घ्या. ‘आपल्याकडे गरमी असते, कशाला हवा’ असं म्हणून तो काढून फेकण्याची पद्धत आपल्या गॅरेजांत फार रुजली आहे. मला ती पटत नाही. नवं बांधलेलं इंजिन थंडच राहिलं तर रिंगा नीट बसत नाहीत आणि ऑइलमधली वाफ उडून जात नाही.

पाण्याच्या पंपाला खाली एक छोटं भोक असतं. आतलं सील पाणी सोडायला लागलं की ते बेअरिंगमध्ये न जाता इथून बाहेर यावं म्हणून ते ठेवलेलं आहे. नव्या पंपाला पहिल्या दिवशी एखादा थेंब आला तर चालतं, सहाशे किलोमीटरनंतर नाही. आणि कृपा करून ते भोक एमसीलनं बुजवू नका. मी असे पंप पाहिलेत. पंखा धरून मागे-पुढे हलवा, खेळ जाणवला तर पंप बदला. पट्टा वाजेपर्यंत ताणलेला असेल तर नवा पंपही लवकर जातो.

होज पाइपांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नवं रबर पहिल्या काही तापण्या-निवण्यांत दबतं, क्लिपा एकदा पुन्हा आवळाव्या लागतात. थंड असताना आवळा.

दाबाची चाचणी तुम्हाला चार गोष्टी सांगू शकते. काटा उतरला आणि ओल दिसली तर प्रश्न मिटला. काटा हलला नाही, पण गाडी चालवल्यावर पातळी उतरते, तर गळती गरम झाल्यावरच उघडते. मग इंजिन गरम करून, बंद करून, थोडं निवल्यावर सावकाश टेस्टर चढवा. उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका, चेहरा भाजलेली माणसं मला माहीत आहेत. काटा उतरतो पण बाहेर कुठेच ओल नाही, मागेही नाही, तर पाणी आत जातंय. आणि टेस्टर लावून थंड इंजिन सुरू केल्यावर पाणी कोमटसुद्धा व्हायच्या आत काटा वर चढू लागला, किंवा इंजिनाच्या ठोक्यांबरोबर थरथरू लागला, तर जळालेला वायू पाण्यात शिरतोय. आता तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं ऐकायची वेळ आली.

टेस्टर नसेल तर वायूची जुनी चाचणी आहे. थंड इंजिनाचा पंख्याचा पट्टा काढा, म्हणजे पंप पाणी घुसळणार नाही. वरचा होज आणि थर्मोस्टॅट काढून त्या तोंडातून काठोकाठ पाणी भरा. रेडिएटरच्या वरच्या तोंडाला बूच मारा. इंजिन सुरू करून दोन-चारदा रेस करा, मिनिटभराच्या आत बंद करा. बुडबुडे सतत येत राहिले तर वायू आहे. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते धरू नका. याहून पक्कं उत्तर हवं असेल तर रसायनाची चाचणी करून घ्या. रेडिएटरच्या गळ्यावर काचेची नळी धरतात, तिच्यात निळा द्रव असतो, आतली हवा त्यातून ओढतात. कार्बन डायऑक्साइड असला तर द्रव पिवळा पडतो.

पाणी सिलिंडरमध्ये जात असेल तर कोणत्या, हे शोधायला रात्रभर दाब ठेवून सकाळी चारही स्पार्क प्लग काढा. प्लग काढण्याआधी स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढल्यावर हँडलनं हातानं फिरवा, अ‍ॅम्बेसेडरला ती सोय आहे. ज्या भोकातून फवारा आला तो सिलिंडर. फवारा नाही आला तरी बॅटरीच्या उजेडात पिस्टनचे माथे बघा. तीन काळे आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर त्याला वाफेचा शेक मिळतोय. मग कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते गेजनं मोजा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्या मधल्या पट्टीत गॅस्केट फुटलंय. एकच पडलेला असेल तर त्याचा पिस्टन टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला, आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि रेडिएटरमध्ये बघा. बुडबुडे आले तर गॅस्केट, हेडचा तडा किंवा बोअरचा तडा, तिन्हीपैकी एक. या हेडला एक्झॉस्टची भोकं तीनच, मधलं भोक दोन नंबर आणि तीन नंबरच्या सिलिंडरचं सामाईक आहे. ती जागा सगळ्यात जास्त तापते, म्हणून तडा शोधायचा तर मधल्या दोन सिलिंडरांच्या व्हॉल्व्ह सीटांमध्ये आधी बघतात.

ऑइल स्वच्छ आहे असं तुम्ही डिपस्टिक बघून म्हणत असाल तर ते पुरेसं नाही. पाणी ऑइलपेक्षा जड, ते सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) तळाशी बसतं. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी सम्पचा ड्रेन नट फक्त ढिला करा आणि पहिले थेंब वाटीत धरा. पाणी असेल तर आधी तेच येईल. रॉकर कव्हरच्या झाकणाखाली दुधाळ लोणी दिसलं तर लगेच घाबरू नका. चार-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, ती हवेतली ओल असते. एक लांब फेरी मारून या आणि पुन्हा बघा. रेडिएटरमध्ये ऑइलचा तवंग असेल तर तो वेगळा पुरावा. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब पाण्याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे दोन्हींमध्ये वाट पडली तर ऑइल पाण्यात जातं, आणि इंजिन बंद झाल्यावर पाणी ऑइलमध्ये. रॉकरला ऑइल हेडच्या मागच्या टोकातून वर चढतं, तिथे गॅस्केटची बैठक तपासावी लागते. ऑइलमध्ये कूलंट सापडलं तर गाडी चालवू नका. नव्या बेअरिंगांना ते साध्या पाण्याहून वाईट.

हे सगळं करून हेड उतरवायचीच वेळ आली, तर उतरवण्याआधी एक गोष्ट करा. प्रत्येक नट सोडताना किती ताकद लागली ते टॉर्क रेंचनं (ताकदीचा आकडा दाखवणाऱ्या पान्यानं) बघत जा आणि लिहा. एखादा नट सहज सुटला तर तिथेच शोध घ्या. आणि स्टडच्या आट्या बघा. हेड फेस केलं, ब्लॉक फेस केला, गॅस्केट पातळ आलं, की हेडची एकूण उंची कमी होते आणि स्टड तेवढाच वर येतो. मग नट खाली उतरता उतरता आट्या संपतात आणि तो स्टडच्या साध्या दांड्याला जाऊन भिडतो. टॉर्क रेंच बरोबर आकडा दाखवतो, मेकॅनिकची काही चूक नसते, आणि हेड दाबलं गेलेलंच नसतं. खाली एक जाड, कडक वॉशर घातला की काम होतं. एवढ्या साध्या कारणानं दोन-दोन गॅस्केटं बदललेल्या गाड्या मी बघितल्या आहेत.

हेड काढल्यावर गॅस्केट फेकू देऊ नका. त्यावर ‘टॉप’ आणि ‘फ्रंट’ छापलेलं असतं, ते त्याच बाजूनं बसवलं होतं का बघा. उलटं बसवलं तर पाण्याची काही भोकं झाकली जातात. गॅस्केट उजेडात धरा. जिथे दाब कमी होता तिथे त्याचा ठसा फिकट असतो, जिथून वायू गेला तिथे काळी रेघ. ठसा स्टडच्या भोवतीच फिकट असेल तर ब्लॉककडे बघा. बिडाच्या ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षं आवळून स्टडच्या भोकाची कड वर उचलली जाते, छोटा उंचवटा तयार होतो आणि तो हेडला टेकून धरतो. पट्टी ठेवली की डोळ्यांना दिसतो. भोकाची कड किंचित खरवडून आत घ्यायची असते. स्टड परत बसवताना भोकात ऑइल किंवा पाणी राहू देऊ नका. भोक बंद असेल तर आत अडकलेलं ऑइल स्टडच्या दाबानं ब्लॉक फोडू शकतं. स्टड हातानं घट्ट बसला की पुरे.

सपाटी बघायला लेथवाल्याकडची सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घ्या. आडवं, उभं आणि दोन्ही कर्णांवर. दोन-तीन थाऊच्या वर फट असेल तर फेसिंग पुन्हा, आणि या वेळी कोणी केलं, कशावर केलं ते समोर उभं राहून बघा.

४० थाऊचं बोअर केलंय म्हणता, तर एक प्रश्न विचारायचा राहतो. एखाद्या सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घातलीये का? आधीच्या मालकानं घातली असेल तरी चालेल, पण माहीत हवं. स्लीव्ह ब्लॉकच्या पातळीखाली किंचितही बसली तर तिथे गॅस्केट दाब घेत नाही. आणि जुन्या बोअरला तडा होता म्हणून स्लीव्ह घातली असेल, तर पाणी तिच्या मागून खाली उतरून सम्पमध्ये जाऊ शकतं. ही गळती हेड गॅस्केट कितीही वेळा बदललं तरी थांबत नाही. तिथे ब्लॉक पुन्हा मशीनशॉपला न्यावा लागतो, दाब देऊन तपासावा लागतो, स्लीव्ह काढून सीलंटसह नवी बसवावी लागते. ओव्हरसाइज बोअर करताना भिंत पातळ राहिली, आणि मागून गंजानं खड्डे पाडले असतील, तरी नतीजा तोच.

जोडताना नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळा. पहिल्यांदा पूर्ण तापून पूर्ण निवलं की एकेक नट अष्टमांश फेरा सोडून परत त्याच आकड्याला आणा. एका वेळी एकच. रॉकरचे ब्रॅकेट याच स्टडवर बसलेले आहेत, म्हणून त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा सेट करावे लागतात. तुमच्या इंजिनाला हे दुसरं आवळणं झालं होतं का, हे मेकॅनिकला विचाराच. झालं नसेल तर हेड उतरवण्याआधी आधी तेच करा, मग पुन्हा चार दिवस काडीनं पातळी मोजा.

गळती सापडेपर्यंत रेडिएटरमध्ये हळद, गळती बंद करणारी पावडर किंवा तसलं काहीही घालू नका. रात्री घाटात अडकलात तर हळद घालून घरी या, त्याला माझी हरकत नाही. पण नुकत्याच धुतलेल्या ब्लॉकमध्ये आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये तो चिखल बसला की गळती झाकली जाते आणि गरम होण्याचा नवा त्रास सुरू होतो. शोध चालू असेतोवर साधं आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरा, तेवढ्या दिवसांत इंजिनाचं वाकडं होणार नाही. सगळं कोरडं राहिलं की मग कूलंट भरा, आणि काढलेलं जुनं कूलंट अंगणात ओतू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.